बोटीतली माणसं मोजताना

५ ऑक्टोबर, रविवार

पाठीवर पिशवी तशीच होती आणि डोक्यावर बोट आली. बसमधून उतरतेय न उतरतेय तोच खालून कुणीतरी ओरडलं की बघत काय उभा राहिलास, हात लाव. मी लावला. पुढे तिघं, मागच्या उजव्या कोपऱ्याला मी, आणि एक्केचाळीस पायऱ्या खाली. पायऱ्यांवर शेवाळ. बोट पाण्यावर पडली, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि तेव्हा कळलं की ओरडणाऱ्याला ड्रायव्हर हवा होता. ड्रायव्हर दांडी मारून वर रस्त्यावर चहा पीत बसला होता. जो हशा पिकला त्यातच माझी ओळख झाली. मी नवी गाइड.

सगळ्यात जास्त हसला तो इथला जुना गाइड. वय बेचाळीस, पण समोरचे चार दात वल्हं लागून गेलेत, म्हणून त्याला आजोबा म्हणतात. तो म्हणाला की पोरीचा खांदा चांगला आहे, नशिबाचं बघू.

मालक पंचावन्नच्या आसपास. मृदू बोलतात. चहा स्वतः करून आणला. सहा मोसमांचा माझा अनुभव, प्रमाणपत्रं, काहीही विचारलं नाही. एकच विचारलं, की तुमच्या नदीवर बोटीतली माणसं कशी मोजता. मी सांगितलं की स्वतःपासून. एक मी, मग डावीकडून फिरत बाकीचे. मला शिकवणारा म्हणायचा की जो गाइड स्वतःला मोजत नाही तो आधी बुडतो. मालकांना ते फार आवडलं. म्हणाले, इथेही तसंच मोज, चांगली सवय मोडायची नाही. असा माणूस मालक म्हणून मिळाला याचं बरं वाटलं.

कामाची पद्धत सोपी आहे. पायऱ्यांच्या वर, रस्त्यावर, ड्रायव्हर वही घेऊन बसतो. मधे कातळ आहे, त्याला खालची बोट दिसत नाही. माणसं बसली की तो वरून विचारतो, किती? गाइड आकडा ओरडतो. तो लिहितो. मगच दोर सोडायचा. आकडा एकदाच सांगायचा. मग तो बस घेऊन अकरा किलोमीटर खालच्या घाटावर जातो आणि आम्ही पोचलो की चढून येणारी डोकी मोजतो.

आजोबाने संध्याकाळी नदी दाखवली. पहिली धार सासू. आवाज फार, करत काही नाही. मग सूप, शांत रुंद डोह, दोन्ही बाजूंना उभा कडा. तिथे गिऱ्हाइकं वल्ही टाकून हसतात, एकमेकांवर पाणी उडवतात. सुपाच्या तोंडाशी जातं नावाचा भोवरा. तिथे पाणी खाली जातं आणि जागच्या जागी फिरतं. जात्याला आवाज नाही. आजोबा म्हणाला की म्हण तुला माहीतच असेल. मी म्हटलं, माहीत आहे. जात्यातले रडतात, सुपातले हसतात.

माझी खोली जॅकेटांच्या कोठाराच्या वर. लाकडी फळ्यांची जमीन, फटींतून रबराचा वास. खिडकीतून दोरीवर वाळत घातलेली निळी जॅकेटं दिसतात. धाकट्या बहिणीला कळवलं की सुट्टी काढून ये. तिला पाण्याची भीती. पोहायला ती बादलीत शिकली असं आई म्हणते.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिली फेरी. सहा गिऱ्हाइकं. एका कचेरीतली चौघं आणि नुकतं लग्न झालेलं जोडपं. बायकोने नवऱ्याला बजावलं की मी पडले तर उडी मारायची, आणि तो पडला तर तिला पोहता येत नाही. सगळे हसले. मी मोजलं, एक मी, दोन, तीन. वरून विचारणा आली. सात, मी ओरडले.

नदी सुरेख. सासूने भरपूर तोंडसुख घेतलं. जात्यात बोट एकदा उभी राहिली, पण कुणी पडलं नाही. अशी नदी मिळायला सहा वर्षं लागली.

खाली मी दोर गुंडाळत होते. ड्रायव्हरने चढणारी डोकी मोजली, सात म्हणाला, खूण केली. मी अजून पाण्यातच होते, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

जॅकेटं गोळा करताना सहा निळी आणि एक नारिंगी. नारिंगी जॅकेटवाला बसमध्ये शेवटच्या बाकावर होता. पन्नाशीचा, पायांत काही नाही. दुसऱ्या बोटीतला असावा असं धरून चालले. बस परत आली तर मालक दारात उभे. उतरणारा प्रत्येक चेहरा त्यांनी पाहिला. शेवटचा पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. तरी त्याला त्यांनी टॉवेल दिला आणि हाताला धरून कोठारात नेलं. गिऱ्हाइकाची एवढी काळजी घेणारा मालक मी पाहिला नव्हता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी आजोबाची बोट आधी सुटली. तिच्यात कालचा नारिंगी जॅकेटवाला मधल्या बाकावर बसलेला. खाली मान. त्याला धरून सात गिऱ्हाइकं. आजोबा ओरडला, सहा. मला हसू आलं. दातांबरोबर याची अंकलिपीही गेली.

माझ्या बोटीत सहा. मी सात ओरडले. खाली सात चढले. सातवी एक म्हातारी, नारिंगी जॅकेटमध्ये. माझ्या बोटीत म्हातारी नव्हती. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, वर सात, खाली सात, आकडा जुळला की माझं पोट भरतं, तू कशाला उपाशी राहतेस?

गिऱ्हाइकांनी काही पाहिलं नव्हतं. सगळे ओले, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्या कुणाबरोबर असेल.

म्हातारी बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर होती. अकरा किलोमीटर तिच्या केसांतून पाणी गळत होतं. एकाच वेगाने.

संध्याकाळी आजोबाची चेष्टा करायला गेले. तो हसला नाही. त्याने विचारलं, तू सात का म्हणतेस. मी एक मी, दोन, तीन असं मोजून दाखवलं. इथे गाइड स्वतःला धरत नाही, फक्त गिऱ्हाइकं मोजायची, असं तो म्हणाला. तुला उलटं कुणी सांगितलं? मी म्हटलं, मालकांनी. तो थुंकला. म्हणाला, उद्यापासून एक कमी कर आणि मला काही विचारू नकोस.

८ ऑक्टोबर, बुधवार

सहा वर्षांची सवय. जीभ वळायच्या आत सात बाहेर पडलं.

आज जो आला तो नऊ वर्षांचा मुलगा. चौदाच्या खालची मुलं आम्ही घेत नाही. दुसऱ्या बोटीतला, चुकून बसला असेल, नजरचूक झाली असेल, असं म्हणायला आता जागा नाही. खालच्या घाटावर तो पाण्यातून चढला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात धरला. म्हणाला, ताई, आई कुठे बसलीये? टॉवेल घेऊन बसते म्हणाली होती. मी विचारलं, कधी म्हणाली. आत्ताच, तो म्हणाला. मामाबरोबर बोटीत बसायच्या आधी.

मालक बसच्या दारात होते. त्याचा चेहरा पाहिला आणि आत गेले.

मालकांच्या बायकोने, काकूंनी, त्याला स्वयंपाकघरात बसवलं. त्याने सहा अंडी खाल्ली, पाव खाल्ला, दूध प्यायला. काकूंनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याच्या खुर्चीखालचं पाणी त्यांनी तीनदा पुसलं. तो मला सांगत होता की मामाला वल्हं धरता येत नाही, उलटं धरतो. त्याला हसू आवरत नव्हतं. ओठ जांभळे.

मी त्याला गावात पोलिसांकडे नेते म्हटलं. काकू म्हणाल्या, ने. मग उद्या संध्याकाळी कुणाला आणून देशील?

मला अर्थ कळला नाही. मी कोरडा टॉवेल आणायला वर गेले. खाली आले तेव्हा कोठाराला कुलूप होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजोबाच्या बोटीत बसवलं त्याला. त्याला बसायचं नव्हतं. घाटावरच्या दोराला त्याने मिठी मारली. आजोबाने त्याच्या हाताचं एक एक बोट सोडवलं. घाई केली नाही. तोंडाने त्याला समजावत होता की आई खालच्या घाटावर आहे, चल, राजा आहेस ना. गिऱ्हाइकांना वाटलं गाइडचा भाचा असेल, रुसलाय. एका बाईने त्याला गोळी दिली. त्याने ती तोंडात टाकली.

मी चार पावलांवर माझ्या बोटीत हवा भरत होते. पंपाचा दांडा माझ्या हातात होता. मी पंप मारत राहिले.

वरून विचारलं, किती?

सहा, आजोबा म्हणाला. मी पंप टाकून ड्रायव्हरच्या बसने खाली गेले.

खाली सहा उतरले. गोळी देणारी बाई हसत उतरली. मुलगा कुठे, मी विचारलं. ती म्हणाली, कुठला मुलगा?

आज मी माझ्या बोटीवर गेले नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मालकांना विचारलं. लपवलं नाही त्यांनी. पाण्याची पातळी सांगावी तसं सांगितलं.

वर जो आकडा सांगाल तो नदी खाली खरा करते. जास्त सांगितला तर तिच्याजवळचं एक माणूस देते. कमी सांगितला तर एक ठेवून घेते. दिलेलं दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत परत करावं लागतं. बोटीत तिचं माणूस असलं तर आधी तेच उचलते. नसलं, तर जे असेल ते. बोटीत बसलेल्यांना काही आठवत नाही. गाइडला मात्र सगळं आठवतं. तेवढं ती गाइडकडे ठेवते.

त्यांची मुलगी अकरा वर्षांची होती. बोटीवर गाइड ते स्वतः. पाच गिऱ्हाइकं आणि ती. वरून विचारलं आणि ते पाच म्हणाले. घरचं माणूस गिऱ्हाइकांत धरायची सवय नव्हती, ते म्हणाले. खाली पाच उतरले. तेव्हा जॅकेटं नारिंगी होती.

ते बोटीत पाय ठेवत नाहीत. काकूंनी शपथ घातली आहे. इथले गाइड कुणी जास्तीचा आकडा ओरडणार नाहीत, आजोबा तर नाहीच. तो परत नेतो, तेही नाइलाज म्हणून. मग दूरच्या नद्यांवरचे गाइड आणायचे, स्वतःला मोजणारे. सहा वर्षांत त्रेचाळीस माणसं वर आली. ती आली नाही.

त्रेचाळीस, मी म्हटलं. आणि ती सगळी?

ते म्हणाले, ती माझी नव्हती.

मी सांगितलं की माझ्याकडून आता एकही यायचं नाही. ठीक आहे, म्हणाले. रागावले नाहीत. विचारलं की पण सवय कशी मोडणार. मी सांगितलं, मोडत नाही, नेहमीसारखंच मोजते, एक मी करून, आणि ओरडताना एक वजा करते. त्यांनी ते मनाशी म्हणून पाहिलं. एक वजा. छान, म्हणाले. माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मग म्हणाले की तू सांगत होतीस ती बहीण येणार आहे ना. तिला आमची पाहुणी समज.

धाकटी परवा येते. तिची सुट्टी मंजूर झाली, तिकीट काढलंय. तिला घेऊन सोमवारी दुपारच्या बसने निघायचं.

११ ऑक्टोबर, शनिवार

एक मी, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. एक वजा. सहा, मी ओरडले. खाली सहा चढले. सगळी निळी जॅकेटं. मी घाटावर बसून घेतलं.

दुपारच्या फेरीलाही सहा. एक वजा आता आपोआप होतं. विचार करावा लागत नाही.

मालक बसच्या दारात होतेच.

१२ ऑक्टोबर, रविवार

धाकटी आली. आईने माझ्यासाठी पायमोजे पाठवलेत, चार जोड, नदीत घालायला. धाकटी म्हणाली, आईला वाटतं तू पाण्यात उभं राहून भांडी घासतेस.

तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती तोवर बरं वाटलं. मग ती हसायला लागली. लहानपणी मी तिला विहिरीतल्या बाईची गोष्ट सांगून तिच्या वाटणीचा आंबा खाल्ला होता, ते तिने काढलं. आता काय खायचंय तुला, म्हणाली. मग माझा चेहरा पाहिला. म्हणाली की बरं, खरं असेल, पण मग नीट मोजलं की झालं ना? तू काय मला मोजायची विसरणार आहेस?

ती म्हणाली, नदीकाठी येऊन कोरडी जाऊ? ऑफिसात सगळ्यांना सांगून आलेय.

मी नको म्हणायला हवं होतं. हे इथे लिहून ठेवते. मी म्हटलं नाही, कारण तिने मला बोटीवर पाहावं असं मला वाटत होतं. घरातल्या कुणीच मला कधी काम करताना पाहिलेलं नाही.

सकाळची एक फेरी. दुपारची बस.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहिते. क्रमाने लिहिते.

पाच गिऱ्हाइकं आणि ती. बोटीत सहा. ती माझ्याजवळ, डाव्या हाताला. वल्हं उलटं धरलं होतं. मी सरळ करून दिलं.

मालक खाली आले. एक्केचाळीस पायऱ्या. ते घाटावर कधी येत नाहीत, आजोबाही वळून बघत राहिला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मी माझीला शेवटी ठेवलं आणि ती राहून गेली. तू तुझीला पहिली मोज. मग चूक व्हायची नाही.

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचे आभार मानले.

पहिली धाकटी. एक. मग डावीकडून. दोन, तीन, चार, पाच, सहा.

वरून विचारलं, किती?

जीभ ठरलेलं काम करून मोकळी झाली. एक वजा.

पाच, मी ओरडले.

दोर सुटला. मला काहीच कळलं नाही. सासूत ती किंचाळली, मग हसली. म्हणाली की सासू खरंच बोलघेवडी आहे. मी खूश होते.

सुपात सगळ्यांनी वल्ही टाकली. ती माझ्यावर पाणी उडवत होती. मी सहज पुन्हा मोजलं. धाकटी, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सहा.

मी वर ओरडले, सहा, सहा आहेत. दोन्ही बाजूंना कडा. माझाच आवाज परत आला. ड्रायव्हर तोवर बस घेऊन निघालेला. मी मागे वल्हवा म्हटलं. गिऱ्हाइकांना गंमत वाटली, ते पुढे वल्हवत हसत होते. मी तिचं जॅकेट धरलं, खांद्याचा पट्टा, मुठीत, दोनदा पिळून. ती म्हणाली, ताई, दुखतंय. काय झालं? तुझा चेहरा असा का

जात्यात बोट कललीसुद्धा नाही. कुणावर थेंब उडाला नाही.

माझी मूठ तशीच होती. आत काही नव्हतं.

खाली पाच चढले. ड्रायव्हरने खूण केली. बोटीत सहा वल्ही होती. एक माणूस जास्तीचं वल्हं हातात धरून उभा राहिला, मग त्याने ते मला दिलं. म्हणाला, हे कुणाचं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पोलीस आले. वही पाहिली. वर पाच, खाली पाच. पाचही जणांना फोन झाले. पाचच होतो म्हणाले. पोलीस मला म्हणाले की बहीण बोटीत बसलीच नाही, कुठेतरी गेली असेल, तरणी आहे, दोन दिवस वाट बघा.

काकूंनी माझ्यासमोर जेवण ठेवलं. त्याच स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर. म्हणाल्या, तू त्यांना वजाबाकी कशाला सांगितलीस?

१५ ऑक्टोबर, बुधवार

आईचा फोन. ती पोचली का, पायमोजे बसले का. मी म्हटलं, बसले.

आजोबाला घेऊन जात्यात गेले. दोर कमरेला. तीनदा. तळाशी काही नाही. गुळगुळीत दगड.

मालकांच्या दाराशी वल्हं घेऊन गेले होते. त्यांनी दार उघडलं आणि हात खाली सोडून उभे राहिले. मार म्हणाले. पण मग मोसमभर बोटी बंद राहतील. बोटी बंद तर ती कशी यायची?

मी वल्हं खाली ठेवलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आई दिवसातून चारदा फोन करते. मी उचलत नाही.

धाकटीची पिशवी अजून भरलेलीच. वर कंगवा, कंगव्यात दोन केस.

मालक चहा दाराशी ठेवून जातात. घाई नाही त्यांना. सहा वर्षं थांबलेला माणूस.

नदीजवळ किती माणसं असतील? त्रेचाळीस वेळा मागूनही एक मिळत नाही. पण नशीब म्हणूनही —

१९ ऑक्टोबर, रविवार

आज बोटीवर गेले. सहा गिऱ्हाइकं. एक मी.

सात, मी ओरडले.

खाली सातवा एक माणूस. मिशीवाला. ती नाही.

बस परत आली. मालक दारात उभे होते, मी त्यांच्या शेजारी. दोघं एकाच चेहऱ्याकडे बघत होतो, आणि दोघांना तो नको होता. त्यांनीच टॉवेल दिला. तो थँक्यू म्हणाला.

२० ऑक्टोबर, सोमवार

आजोबाने मिशीवाल्याला नेलं. मला सांगून गेला की हे शेवटचं. यापुढे तू आणशील ते तूच नेऊन सोड. मालकांचं पाप वाहिलं तेवढं पुरे. सगळं जेवढं सरळ बोलता येईल तेवढं सरळ बोलला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

आज बोट नेली नाही. धीर झाला नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सात.

निळं जॅकेट नव्हतं. नारिंगी. लहान.

तोच.

घाटावरून पळत आला. ताई, म्हणाला. मला ओळखलं. मिठी मारली. मी भिजले. म्हणाला की त्या दिवशी आई खाली नव्हती, तो दात नसलेला खोटं बोलला. तू तशी नाहीस.

अंडी केली. सहा. काकू बाहेर निघून गेल्या.

मी विचारलं, खाली एक ताई आहे का. पाण्याला घाबरणारी. निळं जॅकेट. तो खाता खाता थांबला. आहे म्हणाला. ती मोजत बसते. कितीपर्यंत, मी विचारलं. सहापर्यंत, तो म्हणाला, मग पुन्हा पहिल्यापासून.

कोठारात नाही ठेवला. वर आणला. धाकटीसाठी घातलेल्या गादीवर झोपलाय. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली जॅकेटांवर पडतंय. मला आवाज येतोय.

झोपताना विचारलं, उद्या आई असेल ना. मी म्हटलं, असेल. टॉवेल घेऊन.

सकाळी सहाला गावाची बस आहे. त्याला बसवून देता येईल. त्याच्या आईचं गाव त्याला सांगता येतं. तिकीट काढायचं, खिडकीजवळ बसवायचं. मग संध्याकाळच्या आत नदी दुसरं कुणी घेईल, माझ्या बोटीतलं, आजोबाच्या बोटीतलं, कुणीही अनोळखी. अनोळखीच. त्या बायकोने बजावलं होतं तसं कुणी नवऱ्याला —

आणि तो राहिला, तर पुन्हा मागता येईल का? मालकांनी कधी ठेवून पाहिलेलं नाही. आधीचं दिल्याशिवाय ती पुढचं देते का? एखाद वेळी देत असेल. नसेल तर? ती आहे. मोजते आहे. तिला वाटत असेल मी अजून

तो झोपेत हसला. हात गादीबाहेर आलाय. मी आत घ्यायला हात धरला तर त्याने माझं बोट घट्ट धरून ठेवलं, आता सोडवायचं म्हटलं तर एक एक

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी आठला पहिली बोट सुटली. गिऱ्हाइकं सहा आणि तो. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता. दोर त्याने धरला नव्हता, माझा हात धरला होता. वरून विचारलं, किती? सहा म्हटलं. खाली सहा उतरले. दुपारची बोट दोनला आहे.